संधाता

कधी एखाद्या आयटीआयच्या वर्कशॉपमधून चक्कर मारली तर दारांवरच्या पाट्या वाचून बघा. जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री. आणि एका दारावर ‘संधाता’. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर. संधाता म्हणजे सांधणारा, म्हणजेच वेल्डर. आत काळी काच तोंडासमोर धरून बसलेला मुलगा स्वतःला संधाता म्हणत नाही. कुणी विचारलंच तर तो “वेल्डिंगला आहे” असं सांगतो. ही सरकारी मराठी पाटीवरच राहिलेली आहे.

पण शब्द चांगला आहे. दोन सुटे तुकडे एकत्र आणणारा, असा त्याचा अर्थ. आणि या कामाचा इतिहास वाचायला घेतला की दोन प्रश्न सतत समोर येतात. लोखंडाचे दोन पत्रे सांधायला शिकायला किती दिवस लागतात? आणि ते शिकायची परवानगी कुणाला असते? पहिला प्रश्न तांत्रिक वाटतो, दुसरा सामाजिक. प्रत्यक्षात दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. ती कशी, ते सांगण्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

बापाकडून मुलाकडे

मुंबईच्या गोदीत १८१७ साली ‘ट्रिंकोमली’ नावाची लढाऊ नौका बांधून झाली. सागवानाची. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ती बांधली वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली. लवजी नुसरवानजी वाडिया १७३०च्या दशकात सुरतेहून मुंबईला आले आणि त्यानंतर दीडशे वर्षं या गोदीचे मुख्य बांधकामदार त्याच घराण्यातून होत राहिले. काकाने पुतण्याला शिकवायचं, बापाने मुलाला. पुस्तक नाही, परीक्षा नाही. लहानपणापासून गोदीत वावरायचं आणि बघून बघून शिकायचं.

आपल्याकडे बहुतेक हातकाम असंच चालायचं. लोहाराचा मुलगा भाता ओढत मोठा व्हायचा, तांबटाचा मुलगा ठोक्यांच्या आवाजात. झाळ कशी द्यायची, डाख कुठे लावायचा, हे घरातच कळायचं. या पद्धतीत शिक्षण फुकट होतं आणि पक्कं होतं. तिची दुसरी बाजू तेवढीच पक्की होती. ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही, त्याला ते काम शिकता येत नसे.

युरोप-अमेरिकेत जातीऐवजी गिल्ड आणि पुढे कामगार संघटना होत्या. जहाजाच्या कारखान्यात पत्रे जोडायचे ते रिव्हेट ठोकून. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करायचा, एक जण ती झेलून भोकात बसवायचा, एक जण मागून टेका द्यायचा आणि एक जण ठोकायचा. चौघांची टोळी. या टोळीत शिरायचं तर आधी काही वर्षं उमेदवारी करावी लागे, आणि उमेदवार म्हणून कुणाला घ्यायचं हे आतली माणसं ठरवत.

वेल्डिंगने या व्यवस्थेत गोंधळ उडवला. विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडायची युक्ती १८८०च्या दशकात रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस याने पुढे आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्कर शेलबेरी या स्वीडिश इंजिनिअरने रॉडवर लेप चढवायची पद्धत शोधली. हा लेप जळताना जो धूर आणि मळी तयार होते ती वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. आजही गल्लीतल्या गेट-ग्रीलच्या दुकानात जो रॉड वापरतात तो त्याच कुळातला.

या नव्या कामाला टोळी लागत नव्हती. एक माणूस, एक होल्डर, एक रॉड. भोकं पाडायला नकोत, पत्रे एकावर एक चढवायला नकोत, त्यामुळे जहाजाचं वजनही कमी. आणि मुख्य म्हणजे हे काम नवं होतं. ते कुणाच्याच बापजाद्यांचं नव्हतं.

शिकवणाऱ्याने आधी शिकायचं

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला अचानक जहाजं हवी झाली. जहाजं बांधू शकणारे कामगार मात्र मोजकेच होते. त्या वेळी चार्ल्स ॲलन या व्यवसाय-शिक्षणातल्या माणसाकडे गोदी कामगार तयार करण्याचं काम आलं. त्याने एक साधी गोष्ट ओळखली. उत्तम कारागीर हा उत्तम शिक्षक असतोच असं नाही. वीस वर्षं काम करून त्याचा हात इतका बसलेला असतो की आपण नेमकं काय करतो हे त्याला सांगता येत नाही. म्हणून आधी त्यालाच शिकवायला शिकवलं पाहिजे.

ॲलनने शिकवण्याचे चार टप्पे केले. शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, काम करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि मग त्याला एकट्याने जमतंय का ते तपासायचं. आज हे वाचताना ‘यात काय मोठं?’ असं वाटेल. पण ज्यांनी गॅरेजमध्ये नाहीतर कारखान्यात उमेदवारी केली आहे त्यांना विचारा. तिथे बहुधा पहिले सहा महिने चहा आणण्यात आणि पाने पुसण्यात जातात, आणि चुकलं की शिवी मिळते. चूक काय झाली हे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम काढला आणि ॲलनचेच चार टप्पे थोडे बदलून देशभरच्या मुकादमांना शिकवले. त्याच्या मुळाशी एक भूमिका होती: कामगार शिकला नसेल तर शिकवणं कमी पडलं, असं समजायचं. कार्यक्रम युद्धानंतर जपानमध्ये गेला, तिथे टोयोटाने तो उचलला आणि अनेक दशकं जपून ठेवला. ज्या जपानी कारखान्यांचं पुढे जगाला कौतुक वाटलं, त्यांच्या शिस्तीचा एक धागा या गोदीतल्या शाळेपर्यंत मागे जातो.

रिचमंडच्या बायका

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर रिचमंड नावाचं गाव आहे. १९४० साली तिथे चोवीस हजारांच्या आत माणसं राहत होती. पुढच्या तीन-चार वर्षांत लोकसंख्या नव्वद हजारांच्या वर गेली. कारण हेन्री कायझर. हा माणूस धरणं आणि रस्ते बांधणारा कंत्राटदार होता. जहाजबांधणीचा अनुभव जवळजवळ नाही. कदाचित म्हणूनच त्याने जुन्या पद्धती बाजूला ठेवल्या. जहाजाचे मोठे मोठे भाग जमिनीवर वेगवेगळे तयार करायचे, मग क्रेनने उचलून जोडायचे. रिव्हेटऐवजी जवळपास सगळीकडे वेल्डिंग.

यात शिकाऊ माणसासाठी एक मोठी सोय होती. वेल्डिंगमध्ये सगळ्यात सोपं काम म्हणजे समोर आडव्या ठेवलेल्या पत्र्यावर सांधा मारणं. उभ्या पत्र्यावर अवघड. डोक्यावरच्या सांध्याला तर वितळलेला थेंब अंगावरच यायला बघतो. कायझरच्या कारखान्यात तुकडे जमिनीवर फिरवून सांधा वर आणता येई. त्यामुळे नव्या माणसाला आडवं काम देता येत होतं, मुरलेल्यांना अवघड कोपरे. वर्षांची उमेदवारी आठवड्यांवर आली.

आणि शिकायला आल्या कोण? दुकानात काम करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बायका. दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. रिचमंडच्या गोद्यांमध्ये ऐन भरात एक चतुर्थांशाहून जास्त कामगार स्त्रिया होत्या. चार गोद्यांनी मिळून युद्धकाळात ७४७ जहाजं बांधली. ‘रॉबर्ट ई. पियरी’ हे जहाज तर नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्याही आत उभं केलं. तो विक्रमासाठीचा खटाटोप होता हे खरं, पण एरवीचा वेगही तोंडात बोट घालायला लावणारा होता.

पहिले दिवस कुठल्याही वेल्डरचे सारखेच असतात, रिचमंड असो की राहुरी. रॉड काडी ओढल्यासारखा पत्र्यावर ओढायचा की ठिणगी धरते. नवशिक्याचा रॉड हमखास चिकटतो. झटका देऊन सोडवायचा, पुन्हा ओढायचा. टोक पत्र्यापासून रॉडच्या जाडीइतकंच वर ठेवायचं. रॉड जळून आखूड होत जातो, त्यामुळे हात एकाच वेळी पुढेही न्यायचा आणि खालीही. फार हळू गेलं तर पत्र्याला भोक, फार भरभर गेलं तर वरवरची रेघ. काळ्या काचेतून फक्त प्रकाशाचा ठिपका आणि त्यामागचं वितळलेलं छोटं तळं दिसतं. नजर ठिपक्यावर नाही, त्या तळ्यावर ठेवायची. हे कळायलाच काही दिवस जातात. आवाजही ऐकायचा असतो. अंतर बरोबर असेल तर कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. काच विसरून ठिणगीकडे पाहिलं तर त्या रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप येत नाही. हा धडा सहसा एकदाच लागतो.

यातलं काहीच पुस्तकात वाचून येत नाही. पण नीट शिकवणारा शेजारी उभा असेल तर पिढ्या लागत नाहीत, हे रिचमंडने दाखवलं.

शिकलात, पण आत येऊ नका

दाराबाहेर दुसरं दार होतं. उपसागराच्या पलीकडच्या काठावर, सॉसॅलिटो इथे ‘मरीनशिप’ नावाची गोदी होती. तिथे जोसेफ जेम्स नावाचा कृष्णवर्णीय गायक वेल्डरचं काम करत होता. गोदीचा करार असा की संघटनेचा सदस्य असेल त्यालाच काम. आणि बॉयलरमेकर्स संघटना कृष्णवर्णीयांना मुख्य शाखेत घेत नसे. त्यांच्यासाठी वेगळी, जोडशाखा. वर्गणी भरायची पण मताचा अधिकार नाही.

१९४३ च्या अखेरीस जेम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या जोडशाखेची वर्गणी भरायला नकार दिला. त्यांना कामावरून काढलं. ते कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने उभं राहिलेल्या वकिलांमध्ये थरगुड मार्शल होते, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९४४ च्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कामाचं दार जर संघटनेच्याच हातात असेल तर तिला वर्णावरून कुणाला बाहेर ठेवता येणार नाही.

निकाल मोठा होता, पण उशिरा आला. युद्ध संपलं, जहाजांची मागणी संपली. मरीनशिप १९४६ मध्ये बंद झाली. रिचमंडच्या बायकांनाही घरी पाठवलं गेलं. हातात कसब होतं, काम नव्हतं.

जहाज दुभंगलं तेव्हा

या गोष्टीत एक रात्र फार महत्त्वाची आहे. १६ जानेवारी १९४३. ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ, कायझरच्याच दुसऱ्या गोदीत ‘स्कनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून उभं होतं. नुकतीच चाचणी पार पडली होती. पाणी शांत, हवा गोठवणारी. अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरत गेलं. फक्त तळाचा पत्रा शाबूत राहिला. वादळ नाही, पाणतीर नाही. जहाज उभ्याउभ्या मोडलं.

संशय लगेच वेल्डिंगवर गेला. आठवड्यांत तयार केलेले वेल्डर, त्यांत बायका, त्यांत शेतमजूर. दुसरं काय होणार? खराब सांधे सापडलेही. घाईत काम झालं होतं, तपासणी कमी पडली होती, हे खोटं नव्हतं. पण तशीच दुसरी जहाजंही तडकत होती आणि प्रत्येक वेळी सांधा दोषी निघत नव्हता.

उत्तराचा मोठा भाग केंब्रिजमध्ये धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांच्या कामातून मिळाला. त्या काळी वापरलेलं पोलाद ठरावीक तापमानाच्या खाली गेलं की चिवटपणा सोडून काचेसारखं ठिसूळ व्हायचं. त्यात जहाजाच्या डेकवरची दारं चौकोनी, त्यांच्या टोकदार कोपऱ्यांवर ताण गोळा होई. आणि रिव्हेटच्या जहाजात तडा गेला तर तो त्या पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकच अखंड पत्रा. तिथे तड्याला थांबायला जागाच नव्हती.

म्हणजे सांधे खराब होते तिथे त्यांनी तड्याला सुरुवात करून दिली, पण तडा पळाला तो पोलादामुळे आणि रचनेमुळे. कोपरे गोल केले, मध्ये तडा अडवणाऱ्या पट्ट्या घातल्या, पुढे पोलाद सुधारलं. आजची जहाजं वेल्डिंगचीच असतात. हा सगळा तपास झाला नसता तर एवढंच लक्षात राहिलं असतं की नवशिक्यांना काम दिलं आणि जहाज मोडलं. असे निष्कर्ष फार पटकन निघतात आणि फार दिवस टिकतात.

आणि इथे, मुंबईत

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण जोसेफ जेम्सची गोष्ट वाचताना मला गिरणगाव आठवतं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जास्त पगाराचं काम विणाई खात्यात होतं. धोट्यातल्या सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. त्यामुळे तिथे अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत. ते कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. इथे दार मालकानेच नव्हे, बरोबरच्या कामगारांनीही लावून घेतलेलं होतं. मरीनशिपसारखंच.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. त्यांच्या खात्याकडे १९४० साली सुरू झालेली युद्धकालीन तांत्रिक प्रशिक्षण योजना होती. फिटर, टर्नर, वेल्डर अशी माणसं लष्कराला आणि दारूगोळा कारखान्यांना हवी होती, आणि घराघरांतली पिढीजात उमेदवारी ती पुरवू शकत नव्हती. मग केंद्रं काढली, विद्यावेतन दिलं. याच खात्याच्या ‘बेव्हिन योजने’तून भारतीय कामगार इंग्लंडला पाठवले जात. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाची ही योजना १९४१ ची. तिथल्या कारखान्यांत हात बसवायचा आणि तिथला कामगार कसा राहतो, संघटना कशी चालवतो हेही बघून यायचं.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दलितांच्या तक्रारींचं एक निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व यांच्या जोडीला एक मागणी तांत्रिक शिक्षणाची होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये दलित मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून जागा द्या. बाबासाहेबांबद्दल बोलताना आपल्याला कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या आठवतात. रेल्वे वर्कशॉपमधली उमेदवारी क्वचितच आठवते. पण ज्याच्या बापाने कधी पाना धरलेला नाही, त्याला पाना धरता यावा, ही मागणीसुद्धा तितकीच खोल आहे.

युद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून आणि युद्धाच्या कारखान्यांतून मोकळ्या होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक संचालनालय निघालं. दोन वर्षांत फाळणी झाली आणि निर्वासितांना शिकवून पायावर उभं करायचं कामही त्याच्याकडेच आलं. १९५० मध्ये हे प्रशिक्षण सगळ्या नागरिकांना खुलं झालं. त्यातूनच कारागीर प्रशिक्षण योजना आणि पन्नासेक आयटीआय. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि कारखान्यांवर उमेदवार घेण्याचं बंधन आलं. आपल्या तालुक्याच्या गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमागे युद्ध आहे, फाळणी आहे आणि मजूर खात्याच्या फायलीही आहेत.

रिचमंडमध्ये मात्र जे झालं ते इथे त्या प्रमाणात झालं नाही. वेल्डिंगच्या वर्गात मुली अजूनही थोड्याच दिसतात. आणि आयटीआय म्हणजे मार्क कमी पडले त्यांच्यासाठी, हा समज घट्ट आहे. शिकवण्याचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो. रॉड मोजून मिळत असतील तर हात कसा बसणार? वेल्डिंग पाहून येत नाही, रॉड जाळूनच येतं. शिकणाऱ्याचा सांधा कच्चा राहिला की दोष त्याचाच, असं धरलं जातं. स्कनेक्टडीची गोष्ट अशा वेळी आठवावी.

दाराची पाटी

आज वेल्डर ट्रेडला आठवी पास झालेल्यालाही प्रवेश मिळतो. कोर्स एक वर्षाचा. प्रवेशाच्या अर्जावर बापाचा धंदा काय, यावर काही ठरत नाही. हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्याचा इतिहास असेल असं मनात येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत, शंभर वर्षांपूर्वी गिरणीच्या विणाई खात्यात, ऐंशी वर्षांपूर्वी सॉसॅलिटोच्या कारखान्यात हे साधं नव्हतं. ते दार कुणीतरी भांडून उघडलं, आणि काही वेळा युद्धाच्या गरजेने ते ढकललं गेलं.

वर्गातला तो मुलगा आता होल्डर खाली ठेवतो, हातोडीने मळी झाडतो, वायर ब्रश मारतो. खाली सांधा दिसतो. पहिल्या महिन्यातला असेल तर वाकडातिकडा, मध्येच फुगलेला, एका ठिकाणी भोक. निदेशक बघतात आणि सांगतात, “हात हळू. पुन्हा मार.” तो नवा रॉड लावतो आणि काच पुन्हा तोंडासमोर धरतो.